खळ्याचा निरोप

लग्न होऊन नरपडला आले तेव्हा समुद्रापेक्षा समुद्रावरच्या माणसांच्या गप्पांनी माझं डोकं जास्त फिरलं. मी रानशेतची, भातशेतीवाल्यांची. आमच्याकडे भूत असलं तरी ते ठरावीक चिंचेवर राहतं, त्याला पत्ता असतो. इथल्या लोकांनी एक अख्खं बंदर पाण्याखाली ठेवलंय आणि त्याचा धाक आजही पाळतात.

माणिकबंदर त्याचं नाव. कुठल्या नकाशात नाही, पण नरपडमध्ये कोणालाही विचारा, हात करून दाखवील, त्या खडकांच्या पलीकडे म्हणून. तिथे म्हणे रस्त्यांना शंखांची फरशी होती, दिव्यांत माशांचे डोळे जळत आणि भरतीसुद्धा नगरशेठला विचारून आत येई. एके दिवशी भर दुपारी सूर्याला खळं पडलं, गोल कडं. सगळी गलबतं बंदरात होती. समुद्राने बंदर गिळलं, गलबतांसकट. एकच होडी बाहेर राहिली ती वाचली, आणि नरपडकर तिचे वंशज. म्हणून नियम असा, की सूर्याला खळं दिसलं तर बंदर धरायचं नाही, खोल पाण्यात निघून जायचं. एका होडीत एवढे वंशज मावले कसे, असं मी एकदा विचारलं होतं. गोपीनाथकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गोपीनाथकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, दर्शनचे, चुलते आणि 'धनप्रसाद' बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. दर्शन त्यांच्याच बोटीवर असतो. मी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेस सेटवर बसते. घरचे निरोप बोटींना द्यायचे, बोटींचे घरी. सेटवर थोडक्यात बोलायचं असतं, आणि तिथेच माझा घात झाला.

नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी आठला माझ्या भावाचा, मिथुनचा, रानशेतहून फोन आला. "ताई, आज आपला खळा हाय. भावजी येतीन ना या साली तरी?"

आमच्याकडे खळं म्हणजे भात झोडायची सारवलेली जागा. झोडणी असते त्या दिवसालाही आम्ही खळंच म्हणतो. दर्शनने ते तीन वर्षं चुकवलं होतं. या वर्षीही "काका सुट्टी देत नाहीत" म्हणत पहाटे बोटीवर गेला, पण दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. मी सेट उचलला. "धनप्रसाद, धनप्रसाद. आज खळं आहे. दर्शनला म्हणावं लवकर परत ये. ओव्हर."

खरखर झाली. मग काकांचा आवाज, "खळं हाय? बरा झाला सांगितलास." आणि बोलणं बंद. आज काका एवढे समजूतदार कसे, याचं नवल करत मी चहा मागवला.

दहाला हवामान खात्याचा इशारा आला. संध्याकाळपासून वादळी वारा, सगळ्या बोटी आत बोलवा. मी एकेकीला हाका मारत गेले. सगळ्यांनी वळतो म्हटलं. धनप्रसाद उत्तर देईना. शेवटी उमेश तांडेलच्या बोटीवरून आवाज आला.

"हर्षदावैनी, गोपीकाका तर बाहेर निघालेत, पार खोल. तुम्हीच बोललात ना, खळं हाय म्हणून? आम्ही पण ऐकला. आम्हाला वर काय दिसला नाय, म्हणून थांबलो."

पुढचं 'लवकर परत ये' खरखरीत गेलं होतं. पोहोचलं ते फक्त खळं. एका शब्दाने मी सात माणसं वादळाच्या तोंडी दिली होती, आणि त्यांतला एक माझा नवरा होता.

धनप्रसादला माझा आवाज आता पोहोचत नव्हता. उमेश मधे होता, त्याला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. मी त्याला सांगायचं, त्याने काकांना सांगायचं, असं सुरू झालं.

"आभाळातलं नाही म्हणावं! माझ्या बापाचं खळं, रानशेतचं. भाताचं!"

मी खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मग उमेश म्हणाला, "काका बोलतात, आता तू असाच बोलणार. माणिकबंदरात शेठाणीने पण असाच निरोप पाठवलेला. वर काय नाय, या. नवरा घरी यावा म्हणून. तिच्यापायी सगळे आत गेले नि बुडाले."

कथेचा हा भाग मला कोणी सांगितला नव्हता. सोयीस्कर! खरं बोलावं तर ते खोट्यासारखंच ऐकू येणार, अशी व्यवस्था पूर्वजांनी करून ठेवली होती.

"वर बघा म्हणावं, डोळे आहेत ना?"

"बघितला. काय नाय. पण बोलतात, जमिनीवर आधी दिसतो."

खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या उगीचच हलायला लागल्या होत्या. मला राग काकांचा आला, मग माझा, मग मिथुनचा, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. सेटची वायर मी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. शेवटी म्हटलं, "उमेश, काकांना विचार. दर्शनने आज रानशेतच्या खळ्यासाठी सुट्टी मागितली होती की नाही? त्यांनीच दिली नाही ना?"

"वैनी," उमेशचा आवाज चोरटा झाला होता, "काका बोलतात, माझ्याकडे सुट्टी कोणी मागितलीच नाय."

बोटाला गुंडाळलेली वायर मी सोडून दिली.

"थांबा, तिकडे आरडाओरड चाललीय. दर्शन काकांना सांगतोय. बोलतो, खळं सासऱ्याचाच हाय. शपथ घेतो. भात झोडायला लागू नये म्हणून दर साली मीच बोटीवर पळतो, आणि सुट्टीचं खोटं तुमच्या नावावर घालतो."

चॅनेलवर पंधरा बोटी ऐकत होत्या. कोणीतरी फिदीफिदी हसलं. उमेश म्हणाला, "काकांनी त्याच्या कानाखाली दिली. बोट वळली, वैनी."

मला दर्शनचा गळा धरावासा वाटला आणि त्याच गळ्यात पडावंसंही वाटलं. सेट खाली ठेवून मी ऑफिसातच रडले.

साडेतीनच्या भरतीला धनप्रसाद खाडीत शिरली, सगळ्यांत शेवटी. मी धावत गेले. बाकीच्या बोटी एकमेकींना खेटून बांधून झाल्या होत्या. वाऱ्याने दिशा बदलली होती, बाहेर पाणी पांढरं होत होतं. दर्शन कमरेएवढ्या पाण्यातून वर आला आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मी त्याची ओली बाही घट्ट धरली. शेजारी काका खुंट्याला दोर गुंडाळत होते, चेहरा अजून संशयी.

तेवढ्यात उजेड विचित्र झाला. मी वर पाहिलं. आभाळभर पातळ पांढुरका पडदा आला होता आणि सूर्याभोवती खळं होतं. अर्धंमुर्धं नाही, पुरं, परातीच्या काठासारखं स्वच्छ. वादळाआधी असे ढग येतात आणि त्यांत असं कडं दिसतं, हे मला ठाऊक आहे. तरी मला ती शेठाणी आठवली. नरपडची एकूण एक बोट आत होती, आणि ती माझ्या शब्दाने आत आली होती.

काकांनी नुसती मान वर केली असती तर त्यांनी दोर सोडला असता आणि ही सात माणसं पुन्हा त्या पांढऱ्या पाण्यात गेली असती.

"वर काय बघतेस गो?" काकांनी गाठीवरची नजर न काढता विचारलं. "काय हाय?"

"काही नाही, काका."

या वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि गाठ आवळली.