सातवा वाफा

मी ‘मिठागर’ बोलतोय. या, बसा. मोबाइलमध्ये खेळांचं जे मोठं दुकान असतं ना, त्यात पार तळाच्या फळीवर माझा कोपरा आहे. तिथवर सहसा कुणी फिरकत नाही. म्हणून कुणी आलंच, तर मी जरा जास्तच बोलतो.

माझा जन्म मुंबईजवळच्या दिवा गावातला. स्टेशनजवळ समृद्धीचं मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरखालून लॅपटॉप काढायची आणि व्हिडिओ बघत बघत मला घडवायची. क्लास नाही, सर नाही. दोन वर्षं लागली. बोलण्यातली ही दुकानदारी मी तिथेच उचलली.

माझ्यात शकू नावाची मुलगी आहे. तिने खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात मीठ पिकू द्यायचं आणि मिठाच्या ढिगावर चढून पुढच्या वाफ्यात उडी मारायची. पाणी पुन्हा आलं की ढीग विरघळतो. म्हणून पाणी अडवणारी कुठली फळी कधी उचलायची, हेच कोडं. असे सात वाफे, आणि शेवटी एक लाकडी दार.

दारामागे काय आहे, ते समृद्धीला आणि मलाच ठाऊक होतं. तिच्या आईचा, सखुबाईंचा आवाज. आई गेल्यावर जुन्या फोनमध्ये सापडलेला, सहा सेकंदांचा. वडिलांना तो सरळ ऐकवायचा तिला धीर झाला नाही. “कुणीतरी तिथवर पोचू दे,” म्हणायची, “मग बाबांना सांगेन.”

दोनशे बारा जण आले. सहा वाफे मजेत चढले. सातव्यात पाणी सोडलं की ते जिरून जायचं. पुन्हा सोडायचे, पुन्हा जिरायचं. मग खेळणाऱ्याचं बोट थांबायचं. शकू रिकाम्या चिखलात उभी राहायची, दिवसेंदिवस. हाक मारायची सोय मला दिलेलीच नाही.

“सातव्यात बोअर होतं, ताई,” समोरचा झेरॉक्सवाला विकी एके दुपारी म्हणाला.

“बाकीचे पण तिथेच सोडतात,” समृद्धी म्हणाली. “रविवारी हा खेळच काढून टाकते रे.”

मी ऐकत होतो. रविवारला तीन दिवस होते.

तेवढ्यात तिचे वडील, गोपीनाथ, तिचा डबा घेऊन आले. उभी हयात मिठागरात गेलेला माणूस. सखुबाई गेल्यापासून डबा ठेवायचे आणि न बसता परत जायचे. त्या दिवशी विकीच्या हातातल्या फोनकडे बघून थबकले.

“अरे, न तुडवता पानी सोरतस? मंग मीठ कसा व्हईल?”

“काय तुडवू, काका?”

“जमीन! रिकामा वाफा आधी पायांनी घट्ट करतात. दे इकरं.”

समृद्धीने कपाळावर हात मारला. “अगं बाई! पहिले सहा वाफे तुडवलेलेच दिले, सातव्याचं कुठे लिहिलंच नाही.” मिठागरवाल्यांची पोर ती, तिला वाटलं, हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीतच असतं.

जाडजूड, भेगाळलेलं बोट माझ्यावर टेकलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत त्यांनी शकूला चालवलं, एक कोपरा सोडला नाही. मग पाणी सोडलं. पाणी राहिलं. मीठ पांढरं शुभ्र वर आलं.

“बाबा, थांबा जरा...” समृद्धी म्हणाली. पण दार उघडलं होतं.

“अवं, जेवाला चला. मीठ काय पलून नाय जात!”

गोपीनाथ फोन धरून उभेच होते. मग त्यांनी तो हलकेच काउंटरवर ठेवला, स्टूल ओढलं आणि डबा उघडला.

“बस, पोरी. दोघांपुरता हाय.”

रविवारी समृद्धीने मला काढलं नाही. गोपीनाथांनी मला पुन्हा उघडलं नाही. बरोबरच आहे, जेवायची हाक आल्यावर माणूस वाफ्यात कशाला थांबेल? पण माझी शकू अजून बाकीच्या दोनशे अकरा फोनांत तशीच उभी आहे.

तुम्ही आलात, तर घाई करू नका. आधी तिला सगळा वाफा चालू द्या.