श्री. कपडे तयार यांना सात कोटी

लाँड्रीसमोर एवढी गर्दी दाटली होती की मला वाटलं, आत आग लागली. पण धूर कुठेच नव्हता आणि माणसं तर दात काढून हसत होती. मी कोपरं मारत आत शिरले. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला गर्दीचं काय भय?

"या, पोस्टबाई, या!" काउंटरमागून कडकभाऊ ओरडले. "कुणाला बोलू नका हं, गुप्त आहे. मला सात कोटींची लॉटरी लागलीय!"

गुप्त म्हणे! तीसेक माणसं ऐकत होती, आणि चौकातला वाहतूक पोलीस वाहनं वाऱ्यावर सोडून पायरीवर येऊन उभा होता.

कडकभाऊ म्हणजे आमचे लाँड्रीवाले. यांची इस्त्री कडक आणि नियम त्याहून कडक. 'पावतीशिवाय कपडा मिळणार नाही' ही भिंतीवरची पाटी त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही दाखवली होती. बिचारा स्वतःच्या लग्नात उसना कोट घालून उभा राहिला. असा हा माणूस आज खुर्चीवर रेलून, मोबाइल हातभर लांब धरून, ईमेल वाचून दाखवत होता. पाचव्यांदा.

"'प्रिय श्री. कपडे तयार, अभिनंदन!'"

"हे कपडे तयार कोण?" मी विचारलं.

"मीच की!"

झालं होतं असं. गिऱ्हाइकांना निरोप धाडायला भाऊंनी ईमेल उघडला, तेव्हा नावाच्या रकान्यात काय भरायचं ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी रोजचा निरोपच भरून टाकला. तेव्हापासून साऱ्या जगाच्या लेखी भाऊंचं नाव कपडे आणि आडनाव तयार.

"अहो, पण या नावाचा माणूसच नाही!"

"नावात काय अडकलंय, बाई?" शेजारचे शिंपी म्हणाले. "लक्ष्मी टिळा लावायला आली, तर तोंड धुवायला जाऊ नये."

भाऊ पुढे वाचू लागले. "'जागतिक भाग्य महामंडळाच्या संगणकाने बावीस देशांतून आपलाच ईमेल उचलला आहे. ही वार्ता गुप्त ठेवावी, अन्यथा दुष्ट लोक आपल्या बक्षिसावर दावा ठोकतील. प्रक्रिया शुल्क पंचेचाळीस हजार फक्त, आज दुपारी चारच्या आत. आपला नम्र, दावा अधिकारी साहेब.'"

स्वतःच स्वतःला साहेब म्हणवणारा नम्र माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

"आणि पंचेचाळीस हजार आणणार कुठून?" मी विचारलं.

भाऊ एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. उत्तर आतून आलं. "माझ्या डोळ्यांचे आहेत ना."

आत वहिनी इस्त्री करत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॉलर कुठे संपते ते हाताने चाचपायच्या आणि मग इस्त्री फिरवायच्या. बोटांवर जागोजागी चटक्यांचे डाग. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याचे पैसे वर्षभर साठवून बँकेत ठेवले होते.

"अहो, आधी डोळे होऊ द्या, मग लॉटरी बघू," वहिनी म्हणाल्या.

"अगं, सात कोटींत तुला डोळ्यांचं अख्खं इस्पितळ घेऊन देतो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं असं तापलं म्हणता! "भाऊ, हा शुद्ध भामटेपणा आहे. अशी पत्रं पोस्टात पोत्यांनी यायची. हाच मजकूर, हाच नम्र साहेब."

"जळतंय तुम्हाला, बाई," भाऊ म्हणाले.

वरच्या मजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर गडबड ऐकून जिन्यात आले होते. मला आधार वाटला. "डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही तरी यांना सांगा!"

"मी काय सांगणार?" डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत पुटपुटले. "ज्याचं त्याचं नशीब."

वा रे डॉक्टर! मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. साक्षात दावा अधिकारी साहेब! भाऊंनी मेलच्या उत्तरात नंबर कळवलाच होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून भाऊंनी स्पीकर लावला.

"मिस्टर कपडे?"

"तयार!" भाऊ वर्गात हजेरी दिल्यासारखे ओरडले.

"साहेब, वीस मिनिटं उरली. मग यंत्रणा बंद, बक्षीस रद्द. पैसे भरा, सात कोटी खात्यात पडलेच म्हणून समजा."

भाऊंचा अंगठा बँकेच्या ॲपकडे निघाला. मी मोबाइल हिसकावला.

"साहेब, ते पंचेचाळीस हजार तुम्ही सात कोटींतूनच कापून घ्या ना!"

"मॅडम, आंतरराष्ट्रीय नियम आहे. बक्षिसाला हात लावता येत नाही."

"आणि आमच्या वहिनींच्या डोळ्यांच्या पैशाला लावता येतो होय?"

पलीकडे साहेब घसा खाकरू लागले. आता हा फोन ठेवणार, असं वाटून मी आवाजात साखर घातली. "बरं ते राहू द्या, साहेब. असा मेल मलाही आलाय. जरा माझा नंबर बघता का?"

"सांगा, सांगा मॅडम!"

आता नंबर आणू कुठून? काउंटरवर धुतलेलं एक गाठोडं होतं, त्याला भाऊंच्या अक्षरात चिठ्ठी टाचलेली. मी तीच वाचली. "दोनशे सतरा, नि. चा. दोन."

पलीकडे टकटक टकटक बटणं वाजली. "अभिनंदन, मॅडम! नि. चा. म्हणजे आमची सुवर्ण मालिका. आपल्याला तीन कोटी लागले आहेत!"

लाँड्रीतली सगळी माणसं त्या गाठोड्याकडे बघायला लागली. नि. चा. म्हणजे निळी चादर, हे तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं.

"दोन चादरींना तीन कोटी!" शिंप्यांना हसू आवरेना.

"अहो, त्या माझ्या चादरी आहेत!" पायरीवरचा पोलीस गरजला. "विचारा त्याला, पोलिसाच्या चादरींचे पैसे कुठे घ्यायला येऊ?"

फोन खट्कन बंद. हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. भाऊ मात्र हसले नाहीत.

"चादरींचं चुकलं असेल त्यांचं," ते चाचरत म्हणाले. "माझं खरं असेल."

मला रागही आला आणि भडभडूनही आलं. "भाऊ, पावती दाखवा."

"कसली पावती?"

"लॉटरीच्या तिकिटाची. कधी काढलंत तिकीट?"

"तिकीट नाही काढलं."

"मग जो कपडा टाकलाच नाही, तो धुऊन, इस्त्री करून कोण देतं हो? तुम्ही द्याल?"

"मी?" भाऊ ताडकन म्हणाले. "माझ्या बापालाही देणार नाही!"

आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. मटकन खाली बसले. "हिचे डोळे मी घालवायला निघालो होतो, बाई," म्हणाले आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. वहिनी चाचपडत आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुरे आता. सकाळीच इस्त्री केलेला शर्ट आहे, भिजवू नका."

मग मी सगळ्यांना त्यातली मेख सांगितली. भाऊंना कुणी निवडलं नव्हतं. भामटा एका बोटानं लाख जणांना हाच मेल धाडतो. पूर्वी त्याला निदान टपाल तिकिटाचा तरी खर्च होता, आता तोही नाही. लाखातले पाच-दहा गळाला लागले की त्याचं भागलं. चारच्या आत म्हणतो, कारण माणसाला विचार करायला वेळ मिळाला की धंदा बसतो.

"एवढ्या गावात मूर्ख मीच निघालो," भाऊ म्हणाले.

"नाही, भाऊ. तुम्ही एकटे नाही." डॉक्टर जिना उतरून खाली आले होते. चेहरा पांढराफटक. "दोन महिन्यांपूर्वी मला हाच मेल आला होता. मी ऐंशी हजार भरले. बायकोलाही बोललो नाही."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "म्हणजे मघाशी तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"लाज वाटली, बाई. एवढा शिकलेला माणूस..."

"अहो, साऱ्या गावाला तोंड उघडा, तोंड उघडा म्हणता, आणि स्वतःचं उघडायची वेळ आली तर मिठाची गुळणी?" मी जरा जास्तच बोलले, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. पोलिसाने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. आधी बँकेला फोन, मग सायबर शाखेत तक्रार. तो मेल पुसू नका, पुरावा आहे."

तेव्हा लोकहो, एवढं करा. असा मेल आला तर उत्तर देऊ नका, त्यातल्या कुठल्याही लिंकवर बोट दाबू नका, पैसे आणि बँकेचे आकडे तर मुळीच देऊ नका. फसलातच, तर लपवू नका. लाज भामट्याला वाटू दे, आपल्याला कशाला? 'गुप्त ठेवा' असं तो सांगतो ते स्वतःच्या पोटासाठी. आपण गप्प बसतो म्हणून त्याचं दुकान चालतं. डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी चार माणसांत बोलले असते, तर आमच्या वहिनींचे डोळे त्या दुपारी वीस मिनिटांवर येऊन ठेपले नसते.