अकरा वर्षांपूर्वीचा जिना

“डावीकडचा जिना,” असं स्वतःशीच म्हणत नकाशासाहेब जंक्शनच्या फलाटावर डावीकडे वळले. त्यांच्यामागून उतरलेलं, शहरात बाजाराला निघालेलं सगळं गाव उजवीकडे गेलं.

हातात सहा मिनिटं होती. तेवढ्यात पूल ओलांडून पलीकडची जोडगाडी धरायची, नाहीतर पुढची थेट दुपारी चारला. आणि बाराला त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं. आई गेल्यावर त्यांना लहानाचं मोठं केलं ते याच ताईनं. ‘तो आल्याशिवाय मी आत जाणार नाही,’ असं तिनं डॉक्टरांना बजावलं होतं, आणि बाराच्या पुढे एक मिनिट थांबणार नाही, असं डॉक्टरांनी तिला.

साहेब नदीकाठच्या एका छोट्या गावात एकोणतीस वर्षं तिकिटं देत होते. नदी स्टेशनला इतकी खेटून, की एकदा फलाटावर कासव निघालं आणि तपासनिसानं त्याच्याकडे तिकीट मागितलं म्हणतात. गावाला एकच फाट्याची गाडी. कुठंही जायचं तर जंक्शनला बदला. म्हणून साहेब तिकिटाबरोबर वाटही द्यायचे: तिसऱ्या डब्यातून उतरा, डावीकडे वळा, नळाशेजारचा जिना, अठरा पायऱ्या, वर खांबापाशी थांबू नका, वारा टोपी नेतो. यावरूनच त्यांचं नाव पडलं. आता एवढं सगळं सांगणारा माणूस स्वतः जंक्शनला कधी गेलाच नव्हता, ही बारीकशी गोष्ट राहिली. गाडीत बसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं. नदीवरच्या पुलापलीकडे ते गेले नव्हते. कचेरीतल्या भिंतीवर एक जुना आराखडा होता, आणि सुरुवातीच्या वर्षांत लोकांनी येऊन सांगितलेलं डोक्यात होतं, तेवढ्यावर कारभार चालला होता.

नळ सापडला. कोरडा होता. जिन्याच्या जागी भिंत होती. साहेबांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. मग नळापासून पुन्हा पावलं मोजली. यात दोन मिनिटं गेली.

गावच्या स्टेशनासमोर दुकान असलेली शिंपीण धापा टाकत परत आली. “साहेब, इकडून.”

“जिना इथंच आहे.”

“होता. अकरा वर्षं झाली पाडून.”

“परवाच मी तुम्हाला डावीकडे म्हणून सांगितलं.”

“हो ना. तुम्ही डावीकडे म्हणता, आम्ही उजवीकडे जातो. एकदाही गाडी चुकली नाही.”

तिनं त्यांचं कोपर धरून ओढायलाच सुरुवात केली. मला कुणी सांगितलं का नाही, हे साहेबांनी पळता पळता विचारलं, आणि तिनं पळता पळताच उत्तर दिलं. एकदा न्हाव्यानं सांगायचं म्हणून घसा खाकरला होता. पण साहेब तेव्हा डोळे मिटून वाट सांगता सांगता अठराव्या पायरीवर पोहोचले होते. “तिथून तुम्हाला खाली कोण ढकलणार?”

उजवीकडचा जिना साहेब पायऱ्या न मोजता चढले.

पलीकडे गार्ड शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता. गाडी हलत नव्हती, कारण प्रत्येक दारात गावातलं कुणी ना कुणी एक पाय डब्यात आणि एक फलाटावर ठेवून उभं होतं. गावात असे चाळीस पाय सांगतात, बावीस होते. न्हाव्याचे तर दोन्ही पाय खाली होते. तो गार्डला हरवलेल्या छत्रीचं वर्णन देत होता, आणि छत्री त्यानं जन्मात घेतली नव्हती.

साहेब चढले, तसे सगळे पाय आत गेले. जिन्याचा विषय कुणी काढला नाही. खिडकीची जागा रिकामी झाली, आणि कुणीतरी त्यांच्या हातात एक लिंबू ठेवलं.

बाराला सात मिनिटं असताना ते दवाखान्यात पोहोचले. ताईला ढकलगाडीवर निजवलं होतं आणि ती निजल्या निजल्या नर्सला झापत होती. भावाला पाहून तिनं नर्सला सोडलं. मग म्हणाली, “एकटा आलास? जोडगाडी सापडली तुला?”

साहेबांनी तोंड पुसलं. “मला नसती सापडली, ताई. लोकांनी आणलं.”

तिनं त्यांचा हात दाबला. “चला रे,” असं वॉर्डबॉयला म्हणाली. दार मिटलं.

बाहेरच्या लांब बाकावर साहेब बसले. थोड्या वेळानं एक बाई कागदांची पिशवी सावरत आली आणि रक्त तपासायचं कुठं, म्हणून विचारू लागली. साहेबांचा हात आपोआप वर झाला. तो त्यांनी खाली घेतला.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “थांबा, विचारू.”

समोरून नर्स येत होती. साहेब उठून उभे राहिले, तिला विचारलं, आणि ती सांगत होती ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाई गेली. साहेब पुन्हा दाराकडे तोंड करून बसले.