ठणठणानंदांची पापी घंटा

नाशिकजवळच्या मखमलाबादला कोंडाजींच्या गुलाबाच्या मळ्यात एवढी गर्दी लोटली होती, की गुलाब नेमके कुठे आहेत हे फक्त काटे टोचलेल्यांनाच सांगता आलं असतं. साल १९७९. मांडवात ठणठणानंद महाराज घंटा वाजवून माणसं तपासत होते. ज्याचं मन शुद्ध असेल त्याच्या नावाचा टोला ‘ठण्ण’ वाजायचा. पाप असेल तर ‘थप’.

सकाळपासून अठ्ठावीस पुण्यवान आणि अकरा पापी निघाले होते. पुण्यवानांत एक शेळी होती. तिच्या मालकाने डबाभर साजूक तूप आणलं होतं.

झुंबर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर. कोंडाजींच्या लेकीशी, कलाबाईशी, त्याचं लग्न ठरलं होतं, पण कोंडाजींनी ऐन वेळी अट घातली, “घंटा वाजली तर हळद, नाय तर राम राम.”

झुंबरने महाराजांपुढे बिस्किटांचा पुडा ठेवला. महाराजांनी पुडा पाहिला, सुस्कारा सोडला आणि भगव्या कापडाखालून सोनेरी घंटा काढली.

“ब्रह्मांड म्हणजे काय? कंप! कंप म्हणजे काय? पुण्य! बिस्किटवाल्या, नाव सांग!”

“झुंबर.”

थप. जणू कोणी पोत्यावर बसलं.

“अरारारा!” गर्दी म्हणाली. कोंडाजी उठले. “मोडलं लग्न. पोरगं पापी हाय.”

“बाबा, शेळी पास आन् हे नापास?” कलाबाई कडाडली.

“शेळीचं मन तू पाह्यलंस का?”

झुंबर मात्र घंटेकडेच पाहत होता. कामावर तो दिवसभर बोल्ट हातोडीने ठोकून बघायचा. आवाज बद्द आला तर बोल्ट बदलायचा. त्यावरून साहेबांच्या चारित्र्याची चौकशी त्याने कधी केली नव्हती.

“महाराज, घंटा बघू जरा.”

“हात जळेल, पाप्या!”

“फिटर आहे. रोजच जळतो.”

त्याने घंटा उचलली आणि मनगट खाली गेलं. एवढीशी घंटा, वजन वरवंट्याचं! नखाने खरवडल्यावर सोनेरी रंग निघाला, खाली चकचकीत राखाडी. ती त्याने कोंडाजींच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर घासली. पेन्सिलीसारखी काळपट रेघ उठली.

“माझ्या टोपीला पाप लागलं!” कोंडाजी ओरडले.

“पाप नाही मामा, शिसं.”

तोवर कलाबाईने भगवं कापडच ओढलं. खाली हुबेहूब तशीच दुसरी घंटा! तिने टोला दिला, “झुंबरच्या नावानं!” ठण्ण! मग शिशाची घेतली, “शेळीच्या नावानं!” थप. शेळीने तोंड फिरवलं.

“ही दुसरी पितळेची,” झुंबर म्हणाला. “पितळ, लोखंड, तांबं कडक असतात. ठोका बसला की वाकतात आणि लगेच उसळून परत येतात, सेकंदाला शेकडो वेळा. ती थरथर म्हणजेच नाद. शिसं मऊ. त्याचे कण एकमेकांवरून घसरतात आणि ठोका आतल्या आतच जिरतो. शिशाच्या घंटेला कोणत्याही संताचं नाव सांगा, ती थपच म्हणणार.”

“म्हंजी तूप आणलं की पितळ, नाय तर शिसं?” एक पापी ओरडला.

“आमची समाधीची वेळ झाली,” असं म्हणून महाराज धोतर सावरत निघाले ते थेट पेठ रोडवर दिसले. समाधी एवढ्या वेगाने धावताना नाशिककरांनी प्रथमच पाहिली.

कोंडाजी टोपी हातात घेऊन बसले. मग घसा खाकरत म्हणाले, “घंटेला इचारलं, तुम्हाला कायबी इचारलं नाय. दारू पिता का?”

“नाही.”

“हात उगारता का?”

“नाही.”

“घोरता का?”

झुंबरने कलाबाईकडे चोरून पाहिलं. “हो. लय.”

“खरं बोलतंय पोरगं,” कोंडाजी म्हणाले. “कला, हळद काढ.”

मंडळी, घंटा वाजवल्यावर घंटा कशाची ते कळतं. माणूस कसा आहे हे कळायला त्याच्याशी बोलावं लागतं, आणि त्यासाठी कोणताही महाराज लागत नाही.