सात नंबर मावशीचं नाक

मामाने डिस्क स्पिरिटने पुसल्या, तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे खरं तर दोन महिने आधीच सुरू झालं होतं, पण ते फक्त मामाला ऐकू आलं होतं, आणि त्याने ते बंद करून टाकलं होतं.

थांबा, नीट सांगते.

माझी आई नाकं बनवते. कानही बनवते, कधी बोटं, पण नाकं जास्त. ऑपरेशनमध्ये किंवा अपघातात ज्यांचं गेलंय त्यांना ती सिलिकॉनचं करून देते, असं की शेजारी बसलेल्याला कळू नये. आमच्या घराच्या खालीच तिची कार्यशाळा आहे. दोन लांब टेबलं, एक ओव्हन, आणि भिंतभर छोट्या बाटल्यांमध्ये माणसांच्या कातडीचे रंग. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, साचे ओततो आणि कॉम्प्युटर सांभाळतो. ‘सांभाळतो’ हा शब्द मी मोठ्या मनाने वापरलाय.

त्या शनिवारी सकाळी आईला सात नंबर मावशीचं नाक करायला घ्यायचं होतं. ही मावशी आमच्या शाळेची सात नंबरची बस चालवायची. पहिलीपासून मी तिच्याच बसने गेलेय. तिच्या नाकात कॅन्सर निघाला आणि तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नाक काढलं. ऑपरेशनच्या आधी ती आईकडे आली होती, तेव्हा मी टेबलाखाली सांडलेले मणी गोळा करत होते, म्हणून मला तिचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं.

“माझं नाक काही सुंदर नाही, मला माहितीये,” ती म्हणाली होती. “लहानपणी झोपाळ्याची फळी बसली, तेव्हापासून वाकडं. पण मला तेच हवं. दुसरं कुठलं चाफेकळीसारखं बसवलंत, तर आरशात रोज पाहुणी येऊन उभी राहील. तिच्याशी काय बोलू मी?”

आई पूर्वी अशा वेळी चेहऱ्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायची. त्यात जीव गुदमरतो. म्हणून तिनेच मावशीला सांगितलं, की प्लास्टर नको, स्कॅन करू. दोन मिनिटांत झालं. ते नाक कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये गेलं, आणि चार दिवसांनी खरं नाकही गेलं. आता जगात ते एकाच ठिकाणी होतं, आमच्या कोपऱ्यातल्या डब्यात.

डबा म्हणजे नेटवर्क स्टोरेज. त्यात चार डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या असतात आणि घरातले सगळे कॉम्प्युटर त्यातच फाइली ठेवतात. त्यातली गंमत अशी, की चारपैकी एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं काढता येतं. एक बहीण गैरहजर असली, तरी ती काय म्हणाली असती हे बाकीच्या तिघी बरोब्बर सांगतात, तसं. पण दोन गेल्या तर बोंब.

मी जिन्यावरून उतरले तेव्हा मामा डब्यासमोर मांडी घालून बसला होता आणि आई त्याच्यामागे उभी होती. तिचा हात तोंडावर होता.

“काय झालं?”

“काही नाही गं भिंगरे,” मामा म्हणाला. “जरा रुसलाय.”

“काही नाही कसं?” आई म्हणाली. “एक फाइल दिसत नाहीये. एकसुद्धा!”

मग मामाकडून एकेक गोष्ट काढावी लागली, पायात रुतलेला काटा काढतात तशी. दोन महिन्यांपूर्वी डबा बीप-बीप करायला लागला होता, एका डिस्कवर लाल दिवा होता. मामाने सेटिंगमध्ये जाऊन बीप बंद केली.

“बीप बंद केलीस म्हणजे डिस्क बरी झाली?” मी विचारलं.

“डोकं तर बरं झालं ना!”

आज सकाळी दुसरी डिस्कही अडखळायला लागली आणि डबा बंद पडला. मामाला वाटलं, प्लास्टरची धूळ गेली असेल. आमच्याकडे कशालाही काही झालं की ते आधी स्पिरिटने पुसायचं अशी शिस्त आहे. त्याने चारही डिस्क बाहेर काढल्या आणि चकाचक पुसल्या. त्यांच्यावर मार्करने एक, दोन, तीन, चार लिहिलेलं होतं, तेही चकाचक पुसलं गेलं. मग हाताला येतील तशा परत खोचल्या. डब्याने विचारलं, नव्या डिस्क दिसताहेत, तयार करू का? मामाने दाबलं ‘हो’.

“हो?” मी किंचाळले.

“अर्ध्या मिनिटात प्लग उपटला गं! भीती वाटली मला. पण आता विचार करतोय, परत लावावा आणि पूर्ण होऊ द्यावं—”

मी सरळ डबा आणि मामा यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. “हात नाही लावायचा. कोणीच.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. साहजिक होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीच्या वेळी माझी ‘उपस्थित’ शेजारी बसणारी म्हणायची, एवढा बारीक माझा आवाज होता. पण यंदा संगणकाच्या बाईंनी मला लॅबच्या गटात घेतलं आणि कळलं, की यंत्रांशी बोलायला मला अजिबात लाज वाटत नाही. मग हळूहळू माणसांशीही जमायला लागलं.

मी बाईंना फोन लावला. त्या कपडे वाळत घालत होत्या. बोलता बोलता झटकल्याचे आवाज येत होते.

“प्लग काढलेलाच राहू दे,” बाई म्हणाल्या. “अर्ध्या मिनिटात फार तर सुरुवातीची पाटी पुसली असेल, कोणती डिस्क कुठल्या जागेची ते लिहिलेली. आतला माल जागेवर असणार. आता एकच नियम. मूळ डिस्कवर काही करायचं नाही. आधी प्रत काढायची आणि खेळ काय तो प्रतीवर.”

“आणि क्रम कसा कळणार, बाई?”

“तो तू शोधायचास.” फट्, कपडा झटकला. “घाबरलीस?”

“नाही,” मी म्हटलं, आणि खरंच नव्हते.

मामाला तीन कोऱ्या डिस्क आणायला पिटाळलं. तो इतक्या मुकाट्याने गेला, की मलाच वाईट वाटलं. लाल दिव्याची डिस्क तर फिरतच नव्हती, नुसती टक-टक करायची. बाकी तिघींना मामाने परत आल्यावर नावं दिली: थोरली, मधली आणि धाकटी. या खेपेला मार्कर नाही, दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. थोरली आणि मधलीची प्रत शनिवारी संध्याकाळपर्यंत निघाली. धाकटी आजारी होती. ती एखादा तुकडा दहा-दहा वेळा वाचायची, थांबायची, पुढे जायची. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर तिची प्रत पूर्ण झाली, आणि खाली ओळ आली: काही तुकडे वाचता आले नाहीत.

“काही म्हणजे किती?” आईने विचारलं.

“थोडे,” मी म्हटलं. कुठले, ते मलाही माहीत नव्हतं.

आता क्रम. मेलेल्या डिस्कची जागा चारपैकी कुठलीही असू शकते. उरलेल्या तीन जागांवर तिघींना सहा प्रकारे बसवता येतं. चार सक चोवीस. पाढे पाठ करण्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला! बाईंनी पाठवलेल्या प्रोग्रॅमला एकेक क्रम सांगायचा, तो जोडून बघतो, काही दिसलं तर दिसलं. मी वहीत चोवीस ओळी आखल्या आणि मामाला फुल्या मारायचं काम दिलं.

एक, फुली. दोन, फुली. पाचव्याला प्रोग्रॅमच लटकला. आठव्याला मामा म्हणाला, “या तिघींची पत्रिकाच जुळत नाहीये.” आई पलीकडे नुसतीच ब्रश धूत होती, स्वच्छ असलेले.

अकराव्याला फोल्डर दिसले!

सगळी नावं, ओळीने. मामा खुर्चीवरून उठून नाचायलाच लागला. आम्ही रंगांच्या नोंदी उघडून बघितल्या, त्या उघडल्या. एक चिठ्ठी उघडली, तीही अख्खी. आई धावत आली, ओल्या हातांनीच. मी मावशीची फाइल उघडली.

पडद्यावर साळिंदर आलं. काटेच काटे, चारी दिशांना. नाकाचा पत्ता नाही.

 मग आईने हात पुसले आणि फोन उचलला. “मी तिला सांगते. फोटोवरून करू म्हणते. चांगलं करीन मी, पण...” ती थांबली. “मीच म्हटलं होतं तिला, प्लास्टर नको म्हणून.”

मला ते बघवेना. आणि खरं सांगते, बघवेना म्हणूनच डोकं चालू लागलं असावं. लहान फाइली धड आणि मोठी मोडकी, असं का? फाइली डिस्कवर पत्ते वाटल्यासारख्या वाटलेल्या असतात, एक पान हिला, एक तिला. छोटी चिठ्ठी एकाच पानात मावते. तिला क्रमाशी काय देणंघेणं? क्रम चुकला तरी ती उघडणार. पण मोठ्या फाइलीची पानं सगळ्यांकडे असतात, ती फसणारच.

“आई, फोन ठेव!”

“अगं—”

“ठेव ना! हा क्रम चुकीचा आहे. बरोबर असल्याचं खोटं सांगतोय. मला मोठ्यातला मोठा फोटो सांग.”

मोठ्यातला मोठा फोटो मामाचा निघाला, कार्यशाळा नवीन झाली तेव्हाचा, हार घातल्यासारखा उभा. अकराव्या क्रमाने त्याची फक्त टोपी दिसत होती, खाली हिरव्या-गुलाबी रेघा. मी पुढचे क्रम लावत गेले. बाराव्याला टोपीही नाही. चौदाव्याला कपाळापर्यंत.

“उतरतोय, उतरतोय,” मामा म्हणाला. “गळ्यापर्यंत तरी आण मला.”

सतराव्याला मामा बुटांसकट अख्खा आला.

या खेपेला कोणी नाचलं नाही. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी मावशीची फाइल उघडली.

नाक होतं. करड्या रंगाचं, हवेत तरंगणारं, वाकडं. मधला उंचवटा, डावीकडे झुकलेलं टोक, सगळं. मी ते माउसने फिरवलं आणि माझ्या हातातला माउस थांबला. डाव्या नाकपुडीच्या जागी भोक होतं. नाकपुडीचं नव्हे, नाकपुडीच नव्हती. धाकटीने न वाचलेले तुकडे नेमके तिथे होते.

“प्रोग्रॅम बुजवून देतो असलं भोक,” आई हळूच म्हणाली, आणि करून दाखवलं. भोक बुजलं. पण तो भाग साबणासारखा गुळगुळीत झाला, कोणाचाही असू शकेल असा. तिने ते परत काढून टाकलं. “हे मी माझ्या मनाने नाही करणार.”

मी मात्र फाइलीच्या तीन प्रती केल्या, तीन ठिकाणी, एक बाईंकडे. मगच रात्रीचं जेवले.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. मावशी दहाला आली, चेहऱ्यावर मास्क बांधून. आईने तिच्यापासून काही लपवलं नाही. फाइलवरून रात्रीतून मेणात उतरवलेलं नाक बशीत ठेवून तिच्यापुढे केलं आणि म्हणाली, “एवढं मिळालं. ही बाजू गेली.”

मामा पुढे झाला. “माझ्यामुळे. बीप मीच बंद केली, पुसल्याही मीच.”

मावशीने त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे माझ्याच नाकावर टिच्चून डिस्क पुसत होतास तर.”

मामाने कानाची पाळी धरली.

“आणि हे शोधून कोणी काढलं?” तिने विचारलं.

“भिंगरीने,” आई म्हणाली.

“ही? ही तर बसमध्ये ‘थांबवा’ म्हणायला लाजून पुढच्या थांब्यावर उतरायची!” मावशी म्हणाली. मी लाल झाले, पण तिने तेवढ्यात मास्क सोडला होता आणि बशी जवळ ओढली होती. मला वाटलं होतं की मला भीती वाटेल. तसं काही झालं नाही. तिचे डोळे तेच होते, बसच्या आरशातून दंगा पकडणारे.

तिने मेणाच्या नाकावरून अंगठा फिरवला, वरून खाली. उंचवट्यावर थांबली. “फळी,” ती म्हणाली. मग अंगठा तुटलेल्या बाजूला आला. आईने मेणाचा एक मऊ गोळा तिच्या हातात दिला.

“मी?” मावशी म्हणाली. “मला कुठे येतं हे?”

“बावन्न वर्षं हात लावलाय तुम्ही त्याला,” आई म्हणाली. “मी एकदाच बघितलंय.”

मावशीने डोळे मिटले. आधी बोटं नुसती चाचपडली. मग बोटं आपल्या सवयीने चालायला लागली, सिग्नलला थांबल्यावर ती नाकपुडी चिमटीत धरून बसायची ना, अगदी तशी. मेण दाबलं, थोडं काढलं, परत लावलं. “इथे जाड,” ती पुटपुटली. “नाही, एवढं नाही. हं.” आई नुसती बघत होती, मध्ये एकदाही बोट घातलं नाही तिने. कडेला एक बारीकशी घडी आली. ती माझ्या डोळ्यांनाही ओळखीची वाटली, बसच्या पहिल्या बाकावरून नऊ वर्षं दिसलेली.

तिने डोळे उघडले. आईने ते नाक उचलून तिच्या चेहऱ्यावर धरलं आणि आरसा माझ्याकडे होता, म्हणून मी तो समोर धरला.

मावशीने एकदा डावीकडे मान वळवली, एकदा उजवीकडे.  मी आरसा तिच्या चेहऱ्याबरोबर फिरवला.

“वाकडं आहे,” ती म्हणाली.

“हो,” आई म्हणाली.

“बरोबर तेवढंच वाकडं आहे.” आणि मग आरशाकडे बघतच, “कधीपर्यंत होईल पक्कं?”

“दहा दिवसांत.”

“दहा दिवस,” मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “ऐकलंस ना? सकाळी सात दहाला, थांब्यावर. उशीर केलास तर तुझ्यासाठी थांबायची नाही मी.”