चाळणीवरचा हात

मी बांबूची चाळण बोलतेय. नाव चाळण, पण चाळायचं काम मी जन्मात केलं नाही. माझ्यावर चहाची ताजी पानं पसरतात आणि वारा ती सुकवतो. चीनमधल्या फूडिंगच्या डोंगरात पांढरा चहा असाच होतो. त्याला ना भाजायचं, ना मळायचं.

मला शुईगननं विणलं, लग्नाच्या वर्षी. माझ्या काठाची एक पट्टी उलटी बसली आहे. त्याच्या नव्या नवरीच्या, चुन्हेच्या, नजरेतून ती सुटली नाही.

"डोळे कुठे होते विणताना?"

"तुझ्याकडे. चाळणीकडे कोण बघतं?"

तेव्हापासून प्रत्येक वसंतात पहिली पानं तिनं माझ्यावरच पसरली. आधी नुसत्या कळ्या यायच्या, बारीक पांढरी लव असलेल्या, चांदीच्या सुयांसारख्या. मग कळीला बिलगलेली दोन पानं, वरून शेवाळी, खालून दुधाळ, शिरांत तांबूस रेघ. शरदात रुंद, राकट पानं. ती वाळता वाळता पिवळी, करडी, तपकिरी होत. चुन्हे पानावर पान चढू देत नसे. आणि एकदा पसरली की कुणी हात लावायचा नाही. दाबलेलं पान लगेच काही दाखवत नाही. काही तासांनी तिथे तांबडाकाळा डाग उमटतो.

शुईगनचं बोट मात्र हमखास पुढे यायचं.

"हात मागे, म्हाताऱ्या! ती काय मांजराची पिल्लं आहेत, कुरवाळायला?"

"मग तुला कुरवाळू?"

"माझ्यावरही डाग पडेल!"

यंदाच्या वसंतात एका सकाळी तिनं माझ्यावर पानं पसरली, कंबर सरळ केली, आणि तिचा एक हात छातीशी गेला. दुसरा माझ्यावर पडला, पूर्ण पंजा. मी करकरले, पण तिला सावरण्याएवढं बळ माझ्यात कुठलं? ती खाली कोसळली. शुईगन अंगणातून धावत आला. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला नेलं. तिच्या हाताखालची पानं तेव्हा हिरवीच होती.

संध्याकाळी तिला घरी आणलं, ते पांढऱ्या कापडाखाली.

दुसऱ्या सकाळपर्यंत डाग उमटला होता. पाच बोटं, तळवा, वाकडी करंगळीसुद्धा. शहरातून आलेली लेक यिंगहुआ माझ्यापाशी थबकली.

"बाबा, पानांना हात कुणी लावला?"

"तुझ्या आईनं."

"आईनं? आई कशी हात ला—"

तिनं नीट पाहिलं, आणि ती तिथेच खाली बसली.

पानं अर्धी सुकली की दोन चाळण्यांची एकीत ओतून ढीग करतात, नाहीतर चहा नीट उतरत नाही. चुन्हेला माती देऊन आल्यावर शुईगननं बाकीच्या चाळण्या ओतल्या. माझ्यापाशी आला आणि उभा राहिला.

"बाबा, ही पानं वाया जातील."

"जाऊ दे."

तो माझ्याशेजारी स्टूल टाकून बसला. कोंबड्या हाकलल्या, दार अर्धं लोटून वारा अडवला. पण वाळण्याला कोण अडवणार? पानं आकसली, कडा वळल्या. आधी करंगळी गेली, मग बोटं विरळ झाली. एकदा वाऱ्यानं अंगठ्याजवळचं पान सरकवलं. ते जागेवर ठेवायला शुईगननं बोट पुढे केलं, आणि चटकन मागे घेतलं. कुणी ओरडलं नव्हतं. तो तरीही दाराकडे बघत राहिला.

आता माझ्यावर नुसती चुरमडलेली पानं आहेत. हात कुठे होता ते मला कळतं, कारण तो भार मी झेलला होता. शुईगन रोज शोधतो. चेहरा पानांच्या इतका जवळ नेतो, की त्याच्या श्वासानं ती हलतात. हात मात्र पाठीमागे बांधलेले.

शुईगन, आता लाव रे हात. वाळलेल्या पानावर डाग पडत नाही. त्या उलट्या पट्टीजवळ ठेव, तिचा तिथेच होता.