हंड्यातला भैरोबा

इंदुबाई धारेला बसली होती, संतोष तिच्या पाठीशी उभा राहून तेच तेच घोकत होता आणि म्हैस पान्हा चोरत होती. म्हशीचं तरी काय चुकलं? असलं बोलणं कानावर पडल्यावर कुणाला पान्हा फुटेल?

"आये, देवाचा शबुद हाय. पालखीच्या आदी खोली मोकळी कराय पायजे."

"आन् ती कुठं जाईल?"

"जाईल कुठंबी. भाड्याची मानसं ती."

"ओल्या बाळंतिणीला खोली कोन देतंय रं? तुझा सासरा?"

संतोष दिवसभर कंपनीची गार हवेची बस चालवायचा, पण देवाचं नाव निघालं की त्याला दरदरून घाम फुटायचा. गावच तसलं. हिंजवडीच्या मागं उरलेला तुकडा. तीन बाजूंना काचेच्या इमारती, मधे वीतभर काळी जमीन, चैत्राच्या उन्हानं तडकलेली ढेकळं, आणि त्या सगळ्यांचा मालक देवळातला भैरोबा.

त्या भैरोबानं रविवारी घोळ घातला होता. दत्तोबा भगताच्या अंगात येऊन तो भर देवळात गरजला, "माझ्या वाटंवर विटाळ हाय! इंदीच्या घरची बाळंतीण शिवंभायेर काढा, न्हाईतर पालखीत बसायचा न्हाई!"

बाळंतीण म्हणजे दीपमाला, इंदुबाईची भाडेकरीण. वाशीमकडची पोर. नवरा कारखान्यात पाळीला, माहेर लांब, पोरीचं अजून नाव ठेवायचं होतं. बाळंतपणाची रात्र इंदुबाईनंच काढली होती.

इंदुबाई नास्तिक असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण तिनं जन्मात रविवार मोडला नव्हता. भैरोबाला दाखवल्याशिवाय तिनं पहिली शेंगसुद्धा तोंडात टाकली नव्हती. आता त्याचं ऐकावं तर पाप, न ऐकावं तर पाप.

शेजारच्या सोसायटीतले निवृत्त मास्तर शरच्चंद्र दुधाला आले. सगळं ऐकून घेऊन कोरडेपणानं म्हणाले, "अहो बाई, देवच नाही, तर आज्ञा कुणाची? प्रश्न मिटला."

"तुमचा मिटला सर. मला त्यो हाय, हीच तर पंचाईत हाय."

मास्तर बरणी घेऊन गेले. इंदुबाई तडक दत्तोबाच्या मळ्यात गेली. तो मेथीला पाणी धरत होता.

"दत्तोबा, म्हन की लोकांना, तोंडातनं चुकून गेलं."

"वैनी, देवाशपथ, मला कायबी आठवत न्हाई. शुद्धीवर आलो तवा लोकांनी सांगितलं. माझ्या कारभारनीनं त्या पोरीला डिंकाचं लाडू धाडल्यात, अन् मी असं बोलंन व्हय?"

"मग तसं सांग."

"मी बोललोच न्हाई, तर चुकलो कसं म्हनू?"

तो लबाड असता तर इंदुबाईनं त्याची भर मळ्यात शोभा केली असती. पण माणूस सरळ होता. सरळ माणसापुढं तिचं काही चालेना.

घरी आली तर दीपमाला गाठोडं बांधून दारात. डोक्यावर बांधलेला कानपट्टा, छातीशी पोर, बाहेर टळटळीत ऊन.

"मी जातो आजी. माह्यापायी तुमचा मान काहून घालवता?"

असं म्हणाली आणि पायरी उतरता उतरता पाय लटपटून मटकन खाली बसली. ते बघून इंदुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मायलेकींना आत निजवलं, देवघरातून भैरोबाचा चांदीचा टाक उचलला आणि पाण्यानं भरलेल्या हंड्यात सोडला.

देव पाण्यात घालणं नवं नव्हतं. घरात कुणी खाटेवर पडलं की बाया देव पाण्यात घालून, हात जोडून बसतात. इंदुबाईनं हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले.

"वरीसभर माझ्या हातचं गिळतोस आन् बाळंतीण काढ म्हंतोस? बस आता बुडून. शबुद मागं घेशील तवाच वर येशील!"

आणि हंडा ओढत नेऊन अंगणात उन्हात ठेवला.

गावाची झोप उडाली. कारण इंदुबाईचं घर मानाचं. त्या घरचा टाक पालखीत बसल्याशिवाय पालखी हलत नसे. एक भैरोबा देवळात अडून बसला, दुसरा हंड्यात पोळत पडला. बाया आल्या, बापे आले.

"देवाला शिक्षा करतीस व्हय गं?"

"लेकराला करते तशीच."

तोंडानं अशी तडातडा बोलत होती खरी, पण ती भ्याली होती. संतोषची बस यायला उशीर झाला की जीव टांगणीला लागायचा. मग आत पोर रडायची, आणि इंदुबाई उठून हंड्यात डोकवायची, "ऐकतोयस न्हवं?"

पालखीचा दिवस उजाडला. हलगी घुमली आणि दत्तोबाच्या अंगात भैरोबा आला. देवळात थांबला नाही. घुमत, धापा टाकत, अख्खं गाव मागं घेऊन थेट इंदुबाईच्या अंगणात, हंड्यापुढं उभा.

"इंदे! परीक्षा बघत हुतो तुझी! उतरलीस! ऱ्हाऊ दे बाळंतीण. काढ मला भायेर!"

गावानं चांगभलं केलं. संतोषनं तर लोटांगण घातलं. इंदुबाई जागची हलली नाही.

"परीक्षा? माझी घ्यायची तर मला म्हातारीला उन्हात उभी करायची. त्या ओल्या बाळंतिणीला आन् तिच्या लेकराला कशापायी बसवलंस परीक्षंला?"

देव घुमायचा थांबला.

"आन् तुझं ऐकून मी काढली असती तिला, तर? वाटंत लेकरू दगावलं असतं, तर माझी पाठ थोपटली असतीस?"

दत्तोबाच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओघळत होता. देवानं एकदा दाराआडच्या दीपमालेकडं पाहिलं, मग खाली मान घालून पुटपुटला, "चुकलं."

ते ऐकून हलगीवाला इतका घाबरला की त्यानं घाईघाईनं हलगी बडवायला घेतली. लोकही मोठमोठ्यानं गुलाल मागू लागले. देवाचं असलं बोलणं ऐकल्याची जबाबदारी कुणालाच नको होती.

इंदुबाईनं मात्र ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं हंड्यात हात घातला, टाक काढला, पदरानं कोरडा केला, हळद लावली आणि पालखीत नीट बसवला. गादीवर दोन फुलं वाहिली आणि पालखी उचलायच्या आत वाकून त्याच्या कानाशी म्हणाली,

"जा आता. आन् पुन्हा कुनाला घराभायेर काढावंसं वाटलं, तर आदी मला इचारत जा."